पोटात परक्या गोळ्या

मी औषधाची एक बाटली बोलतेय. पांढऱ्या प्लास्टिकची, वीतभरही उंची नाही, डोक्यावर निळं झाकण. दिघ्यांच्या स्वयंपाकघरात, फडताळाच्या दुसऱ्या कप्प्यात, हिंगाच्या डबीशेजारी माझा मुक्काम आहे. या घरात माझ्याकडे कोणी सरळ बघत नाही. चुकून नजर पडलीच, तर लगेच दुसरीकडे वळते. असं का, ते सांगायचंय. माझ्यावर आलेला आळ मला आजही सोसवत नाही, त्यामुळे बोलणं जरा तिखट होईल. तेवढं चालवून घ्या.

माझा जन्म कारखान्यात झाला. माणसाचं आधी बारसं होतं आणि तो कसा निघाला ते पुढे कळतं. आमचं उलट. आधी पोट भरतात, मग वर नाव चिकटवतात. माझ्या पोटात साठ गोळ्या घातल्या, पांढऱ्या, गोल, गुळगुळीत, आणि मग अंगावर लेबल लागलं. आत जे आहे तेच वर लिहिलेलं. औषधाच्या बाटलीची सगळी अब्रू एवढ्यातच असते.

माझ्या गोळ्या सिगरेट सोडणाऱ्यांसाठी होत्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळायच्या नाहीत. सिगरेट मात्र कोपऱ्याकोपऱ्यावर चिठ्ठीबिठ्ठीशिवाय मिळायची. माणसांचा हा न्याय मला तेव्हाही कळला नाही, आताही कळत नाही.

उज्जैनला आले ती फ्रीगंजमधल्या एका औषधाच्या दुकानात. चार महिने खोकल्याच्या औषधांशेजारी उभी होते. माणसं दुकानाच्या पायरीवर सिगरेट विझवायची, आत येऊन खोकल्याचं औषध घ्यायची आणि बाहेर पडल्यावर दुसरी पेटवायची. शेजारच्या बाटल्या भराभर खपल्या. मला कोणी विचारलं नाही. औषध नवीन होतं, डॉक्टरही क्वचितच लिहून द्यायचे.

मग थंडीच्या सुरुवातीला, एका रविवारी, शरच्चंद्र दिघे आले.

बावन्न वर्षांचा माणूस, टेलिफोन ऑफिसात नोकरी, डाव्या पायाने जरा जपून चालणारा. चिठ्ठी काउंटरवर ठेवली ती दोन्ही हातांनी, देवापुढे नारळ ठेवावा तशी. मला हातात घेऊन लेबल दोनदा वाचलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. त्याच खिशात सिगरेटचं पाकीट होतं. नानाखेड्याला घरी जाईपर्यंत आम्ही दोघं एकमेकांना खेटून होतो. तेव्हाच मला कळलं, गाठ कोणाशी आहे.

घरी त्यांनी बायकोला, उषाताईंना, समोर बसवलं. मुलगी मृण्मयीही येऊन उभी राहिली. चोविसाची, हुशार, फ्रीगंजमध्ये कॉम्प्युटर शिकवायला जाणारी.

"डॉक्टर सबनीसांनी साफ सांगितलं," शरच्चंद्र म्हणाले. "पायाच्या नसा बंद होताहेत. बोट काळं पडतंय ते त्याच्यामुळे. या रोगाला सिगरेटच पोसते म्हणे. एकदम बंद केली तर पाय वाचेल. दिवसाला एक ओढली तरी वाचणार नाही."

"मग आजच सोडा ना, बाबा," मृण्मयी म्हणाली.

"त्याची पद्धत आहे, बेटा. गोळी आधी सुरू करायची. पहिले तीन दिवस एकेक, मग दोन-दोन. पहिला आठवडा सिगरेट चालू राहिली तरी चालेल, गोळीला अंगात भिनायला तेवढा वेळ लागतो. आठव्या दिवशी बंद म्हणजे बंद. उद्या सुरू केली तर आठवा दिवस सोमवारच येतो."

"महाकालाचा वार," उषाताई म्हणाल्या आणि मला उचलून कपाळाला लावलं. त्या क्षणी त्या बाईवर माझा जीव जडला. खोटं कशाला सांगू?

बत्तीस वर्षं त्या माणसाने रोज वीस सिगरेटी ओढल्या होत्या. पहिले तीन दिवस त्याला काही जाणवलं नाही. चौथ्या दिवसापासून दोन गोळ्या झाल्या. पाचव्या दिवशी संध्याकाळी ते ऑफिसातून आले आणि दारातूनच ओरडले, "उषा, अगं जादू आहे! देवास गेटला चहाबरोबर पेटवली, तर गवत जाळल्यासारखी चव लागली. अर्धी फेकून दिली मी!"

अर्धी सिगरेट फेकली, बत्तीस वर्षांत पहिल्यांदा! फडताळात उभी असलेली मी अभिमानाने फुगले. त्या संध्याकाळची धरून सात गोळ्या दिल्या होत्या, त्रेपन्न शिल्लक होत्या. मनात म्हटलं, या माणसाला मी सोडवणार.

दुसऱ्याच दिवशी दुपारी जे घडलं, ते त्यांना कळलं नाही.

मृण्मयीला इंदूरचं एक स्थळ आलं होतं. मुलाची मावशी, कल्पनाताई, याच कॉलनीत तीन घरं सोडून राहायची. मध्यस्थी तिचीच. आली की स्वयंपाकघरापर्यंत यायची, डबे उघडून बघायची आणि कोणाच्या घरात काय शिजतंय ते सांगायची. त्या दुपारी तिने आवाज खाली आणून आपल्या देवासच्या जाऊबाईंची गोष्ट सांगितली. "डिप्रेशनच्या गोळ्या चालू होत्या तिच्या. पांढरी बाटली, निळं झाकण, मी डोळ्यांनी पाहिलीय. कोणाला पता नव्हतं. ठरलेल्या लग्नाआधी कुणकुण लागली आणि मुलीचं लग्न मोडलं की हो! माझी ताई तर या बाबतीत फार कडक आहे. घराण्यात असं काही नको म्हणते."

कल्पनाताई गेल्यावर उषाताईंनी मला पिशवीत घातलं. त्यांना आपल्या गुडघ्यांसाठी कॅल्शियमच्या गोळ्या आणायच्याच होत्या. फ्रीगंजच्या त्याच दुकानात काउंटरवर मला ठेवून त्यांनी विचारलं, "भैया, ये सिगरेट छुड़ाने की ही है ना?"

काउंटरवरच्या माणसाने मला फिरवून पाहिलं. "उसमें भी देते हैं, भाभीजी. वैसे है तो दिमाग की दवाई. डिप्रेशनवालों को चलती है. किसके लिए ले जा रही हैं?"

"पड़ोस में किसी की है," उषाताई म्हणाल्या.

त्या माणसाचं काही चुकलं नव्हतं. एकच औषध दोन कामांना येतं, यात लाजण्यासारखं काय आहे? ज्याचं मन दुखतं त्याने औषध घ्यावं, ज्याला सिगरेट सोडायची आहे त्यानेही घ्यावं. पण उषाताईंच्या कानात एकच शब्द अडकला होता. 'दिमाग.'

घरी आल्या, दार लावून घेतलं, ओट्यापाशी उभ्या राहिल्या. माझं झाकण उघडलं आणि मला ताटलीत उपडी केली. बावन्न गोळ्या मोजल्या. तेवढ्याच कॅल्शियमच्या गोळ्या पाकिटांतून काढल्या. त्याही पांढऱ्या, त्याही गोल, थोड्या जाड, एवढाच फरक. एकेक करून माझ्या पोटात टाकल्या. माझ्या गोळ्या देवाच्या निर्माल्याच्या पिशवीत गेल्या, वाळलेल्या शेवंतीच्या खाली. गुरुवारी ती पिशवी क्षिप्रेवर जायची असते, तशी गेली. बाईने मला तसंच फेकून दिलं असतं तर मला एवढं लागलं नसतं. पण नवऱ्याला संशय येऊ नये म्हणून माझं लेबल शाबूत ठेवून पोटात परक्या गोळ्या भरल्या. हे माझ्या जिवाला फार लागलं.

मी ओरडू शकत नव्हते. रोज सकाळी आणि संध्याकाळी उषाताई मला उघडायच्या, एक गोळी तळहातावर घ्यायच्या, पाण्याच्या भांड्यासोबत नवऱ्यापुढे धरायच्या. शरच्चंद्र तोंडासमोरचा पेपर जरासा बाजूला करून ती गिळायचे. संसाराला एकतीस वर्षं झाली होती. बायकोच्या हातातलं औषध कोण निरखून बघतं?

आठवा दिवस उजाडला. शरच्चंद्र आंघोळ करून महाकालाच्या दर्शनाला गेले. येताना पाकीट गटारात टाकून आले. दुपारपर्यंत ठीक होते. चारच्या सुमारास हात थरथरायला लागले. अंगात आधी पोचलेल्या आठ गोळ्यांचा जोर केव्हाच ओसरला होता. आता त्यांच्या मदतीला कोणी नव्हतं आणि त्यांना वाटत होतं, मी आहे.

पुढचे दिवस मी डोळ्यांनी पाहिले. बडीशेप चघळून चघळून त्यांची जीभ सोलवटली. मृण्मयीवर कधी आवाज न चढवणारा बाप चहात साखर कमी पडली म्हणून कप आपटायला लागला आणि मग मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारायला लागला. फडताळाशी येऊन मला हातात घ्यायचे, हलवून बघायचे, आतला खुळखुळ ऐकायचे. "अगं बाई, कर ना काहीतरी," असं एकदा मला म्हणाले. माणूस बाटलीशी बोलतो तेव्हा तो किती एकटा पडलेला असतो, ते मी त्या दिवशी जाणलं.

अकराव्या दिवशी त्यांनी एक ओढली. घरी येऊन लगेच कबूल केलं, लपवाछपवी नाही. पाटावर बसले आणि रडले. बावन्न वर्षांचा माणूस हुंदके देत होता. "गोळी घेतोय, उषा. एक वेळ चुकवली नाही. तरी नाही राहवलं. मीच कच्चा निघालो गं. औषध काय करणार, माणसातच दम नसेल तर?"

उषाताई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मी वाट बघत होते. आता सांगेल, आता सांगेल. त्यांचे ओठ हललेही. मग म्हणाल्या, "सगळ्यांना लागू पडतंच असं नाही हो. एखाद्याला नाही पडत औषध लागू."

ऐकलंत? माझ्यावर ढकललं! आणि थोडं त्यांच्यावरही. तेवढं करून बाई पोळ्या लाटायला निघून गेली.

तरी त्या माणसाने हत्यार टाकलं नाही. विसाच्या जागी दिवसाला तीनवर आला. तीनही जिवावर आल्यासारख्या. पण डॉक्टरांनी सांगितलंच होतं, एकही नको. पहिली गोळी घेतल्यापासून तीन आठवड्यांत अंगठ्याशेजारची दोन बोटं कोळशासारखी झाली आणि फ्रीगंजच्या एका दवाखान्यात ती काढावी लागली.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टर विनायक सबनीस फेरीला आले ते चिडूनच. "दिघेसाहेब, गोळ्या नीट घेतल्या नाहीत ना?"

"घेतल्या, डॉक्टर. एकही चुकवली नाही."

"घेतल्या असत्या तर काहीतरी फरक पडला असता. बाटली कुठे आहे?"

मी तिथेच होते. मृण्मयीने घरातली सगळी औषधं पिशवीत भरून आणली होती, त्यात मीही आले होते. उषाताई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या होत्या. मृण्मयीने मला डॉक्टरांच्या हातात दिलं तेव्हा त्या अर्ध्या उठल्या आणि पुन्हा बसल्या.

डॉक्टरांनी एक गोळी तळहातावर काढली. उलटी केली, सुलटी केली. उजेडात धरली. "ही ती गोळी नाही," ते म्हणाले. "ही कॅल्शियमची आहे. कोणी भरल्या या?"

शरच्चंद्रांनी आधी गोळीकडे पाहिलं, मग मृण्मयीकडे. तिला काहीच कळत नव्हतं, ते तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. मग त्यांनी उषाताईंकडे पाहिलं. त्या पदराचा काठ बोटाला गुंडाळत होत्या.

"मीच बदलल्या, डॉक्टर," शरच्चंद्र म्हणाले. "भीती वाटली. पुढे काही उलटसुलट झालं तर, म्हणून."

डॉक्टरांनी त्यांना जे सुनावलं ते सांगण्यात अर्थ नाही. सगळं त्यांनी मान खाली घालून ऐकलं. शेवटी डॉक्टर दाराशी थांबले आणि म्हणाले, "कमाल आहे तुमची. म्हणजे वीसवरून तीनवर तुम्ही औषधाशिवाय आलात? हे शंभरात पाचांना जमत नाही. गोळी असती तर तुम्ही केव्हाच सुटला असतात. बोटंही राहिली असती."

ते गेले. मृण्मयीला शरच्चंद्रांनी चहा आणायला पाठवलं. मग दोघंच उरले, आणि खाटेवर मी.

"कधीपासून?"

"सहाव्या दिवसापासून." उषाताई म्हणाल्या. "ती डोक्याची गोळी आहे म्हणाला दुकानवाला. कल्पनाताईंना कळलं असतं तर मृण्मयीचं... तुम्ही ती गोळी घेतच नाही, एवढं तरी शपथेवर सांगता आलं असतं. माझं डोकंच चाललं नाही हो. मला वाटलं, तुम्ही मनाने घट्ट आहात, तशीच सोडाल."

"मी पाटावर बसून रडलो, त्या दिवशी तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि तू म्हणालीस, एखाद्याला लागू पडत नाही."

उषाताईंनी तोंडाला पदर लावला.

"पोरीसाठी केलंस, ते समजतं मला," शरच्चंद्र म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणून तो ऐकवत नव्हता. "मला सांगायचं होतंस. मी भांडलो असतो, दुसरं काहीतरी शोधलं असतं, गोळ्या ऑफिसात ठेवल्या असत्या. पाय माझा होता, उषा. आणि इतके दिवस मी स्वतःला नालायक समजत राहिलो. ते तू बघत बसलीस."

त्यानंतर या विषयावर ते बोलले नाहीत. मीही त्या वेळी त्यांच्याकडून काही बोलण्याची अपेक्षा केली नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. डॉक्टरांनी तेच औषध नव्याने लिहून दिलं. नव्या बाटलीला शरच्चंद्रांनी ऑफिसच्या बॅगेत जागा दिली, गोळी ते आपली आपण घेऊ लागले. नऊ दिवसांत सिगरेट सुटली. खरंच सुटली, अगदी तिनाचंही शून्य झालं. पाय वाचला. आनंद मला झाला, नाही कसं म्हणू? पण श्रेय दुसरीला मिळालं. आणि ते इंदूरचं स्थळ? मुलाला बंगलोरला कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागली, त्याने तिथलीच एक मुलगी पसंत केली. कल्पनाताईंनी फाटकाशी उभ्या राहून तेवढं कळवलं आणि निघून गेल्या. मृण्मयीने खांदे उडवले. त्या मुलाच्या नावाने तिने एक कपसुद्धा नीट विसळला नव्हता, म्हणाली. दोन बोटं मात्र त्याच्या नावाने गेली होती.

दवाखान्यातून आल्यावर शरच्चंद्रांनी मला उषाताईंपुढे ठेवलं. आत एकोणीस गोळ्या होत्या. "तुझ्या आहेत. गुडघ्यांसाठी आणल्या होत्यास ना? संपव." उषाताई रोज दुपारी माझं झाकण उघडून एकेक घ्यायला लागल्या. घेताना डोळे भरायचे. पण घ्यायच्या.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी कल्पनाताई हळदीकुंकवाचं बोलावणं करायला आल्या. नेहमीप्रमाणे थेट स्वयंपाकघरात. उषाताईंच्या एका हातात पाण्याचं भांडं, दुसऱ्या हातात मी. शरच्चंद्र दाराशी खुर्चीवर पाय वर घेऊन पेपर वाचत बसले होते.

कल्पनाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मग जवळ येऊन लेबल वाचलं. त्यांचे डोळे मोठे झाले.

"अगं बाई! उषा, ही तर आमच्या जाऊबाईंची! हुबेहूब हीच बाटली. तू डिप्रेशनची गोळी घेतेस?"

आता सांगायला हवं होतं की नाही, आत कॅल्शियम आहे? पण ते सांगायचं, तर मग ही बाटली कोणाची, त्यात कॅल्शियम कसं आलं, खरी गोळी कुठे गेली, सगळंच बाहेर आलं असतं. उषाताईंनी दाराकडे पाहिलं. एकदा त्या माणसाने डॉक्टरांपुढे त्यांची लाज झाकली होती. आताही एक वाक्य पुरलं असतं. 'माझी आहे ती, सिगरेट सोडायची होती.' एवढं म्हणायला त्यांना काहीच जड नव्हतं. त्यांनी सगळं ऐकलं होतं, मला दिसत होतं. पेपर धरलेले हात थांबले होते.

मग त्यांनी पान उलटलं.

"हो," उषाताई म्हणाल्या. "घेते."

कल्पनाताई बोलावणं करायचं विसरूनच गेल्या. संध्याकाळपर्यंत कॉलनीभर बातमी पसरली होती. हळदीकुंकवाला उषाताईंना कोणी बोलावलं नाही.

आज माझ्या पोटात आठ गोळ्या उरल्यात. खोटं सांगायला मला तोंड नाही, खरं सांगायलाही नाही, म्हणून दोन्ही वेळा माझ्या नावावर दुसऱ्याचं खपलं. मला कोणाचा सूड नको. तुमच्यापैकी कोणी एखाद्याच्या औषधाला हात लावायला निघाला असाल, भीतीने, मायेने, लोकांच्या धाकाने, तर आधी जो ते गिळणार आहे त्याच्याशी बोला. आणि या घरात कधी आलात तर एवढंच करा, माझ्या अंगावरचं लेबल खरवडून काढा. ते वाचून माणसं अजून फसतात.

शरच्चंद्र आता जरा लंगडत चालतात. सिगरेटचा वास घरातून गेलाय. दुपारी उषाताई माझं झाकण उघडतात तेव्हा ते उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसतात. ती गोळी गिळून त्या झाकण लावतात, मला जागेवर ठेवतात आणि ते आत येण्याची वाट बघतात.